मोडक्या शेपटीचा पर्णवटवट्या

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, पूर्वी संग्रहालयाच्या पक्षीविभागाची संग्रहपाल, हल्ली काही नाही, राहणार याच घरात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. स्वभावाबद्दल त्यांना विचारलं नव्हतं आणि त्यांनीही विषय काढला नाही. कोणी मला भरीस घातलेलं नाही, धाक दाखवलेला नाही, की गोड बोलून सही घेतलेली नाही. गोड बोलून माझ्याकडून जे घ्यायचं ते लोकांनी पूर्वीच घेतलं आहे. ते पुढे येईलच.

याआधी मी दोन मृत्युपत्रं केली होती. ती दोन्ही रद्द समजावीत. पहिलं केलं तेव्हा मी फार भोळी होते आणि दुसरं केलं तेव्हा फार आजारी.

कलम १. राहतं घर, म्हणजे तीन खोल्या, मागची गॅलरी आणि जिन्याखालचं कपाट, हे सर्व माझ्या एकुलत्या एका लेकीला मिळावं. लेक पक्ष्यांच्या रक्तातून त्यांची नाती शोधण्याचं काम करते. तिचं त्या क्षेत्रात नाव आहे आणि ते तिने स्वतः कमावलेलं आहे, हे मी इथे मुद्दाम लिहिते.

या घराला मी एक अट घालणार होते. वकीलबाईंनी ती चांगली पानभर लिहूनही दिली होती. वाचून बघितली आणि माझी मलाच लाज वाटली. डोक्यावरचं छप्पर दाखवून लेकीकडून काम करून घेणं ही तिच्या वडिलांची रीत. म्हणून अट काढून टाकली आहे. तिच्याकडे जे मागायचं आहे ते मी शेवटच्या कलमात मागितलं आहे, काही न देता.

मोरीचा नळ डावीकडे फिरवला की बंद होतो. प्लंबरला ते पटत नाही. त्याच्या नादी लागू नये.

कलम २. माझ्या धाकट्या भावाला लाकडी शिडी द्यावी. ती तो दर दोन वर्षांनी रंगकामाला म्हणून नेतो आणि मी जाऊन आणल्याशिवाय परत करत नाही. आता जाण्याचा त्रास वाचेल. याउपर त्याला काही देऊ नये. कारण विचारलंच तर त्याला सांगावं, की ज्या दिवशी मी त्याच्या घरी जाऊन ओक्साबोक्शी रडले, त्या दिवशी तो वर्तमानपत्र न मिटता म्हणाला होता, "ताई, कमाल करतेस हं! मी माझ्या बायकोच्या नावाने साधी टपरी काढली नाही. तुझ्या नावाचं पाखरू जगभर उडतंय आणि तू रडतेस?" वहिनी हसली. मग मीही हसले, कारण त्यांच्या घरात तेव्हा पाहुणे होते.

कलम ३. बँकेतली सर्व शिल्लक संग्रहालयाच्या पक्षीविभागाला द्यावी. तिचा उपयोग फक्त कपाटांसाठी करावा: लोखंडी, रबरी पट्टीची, दार लावल्यावर आत किडा शिरणार नाही अशी कपाटं. व्याख्यानमाला, पुरस्कार, अर्धपुतळा यांत एक पैसाही जाऊ नये. कपाटांवर माझ्या नावाची पाटी लावू नये. कुठल्याही वस्तूला, प्राण्याला किंवा खोलीला माझं नाव देऊ नये. एकदा दिलं तेवढं पुरे झालं.

कलम ४. दिवाणखान्याच्या भिंतीवर चौकटीत लावलेलं रंगीत चित्र काचेसकट, खिळ्यासकट सरांना द्यावं. सर म्हणजे माझ्या लेकीचे वडील आणि माझे पूर्वीचे यजमान. सगळं जग त्यांना सर म्हणतं, आणि पुढे पुढे घरातही त्यांना तेच आवडायला लागलं होतं. ते हयात आहेत, ठणठणीत आहेत, आणि अजून शाली घ्यायला जातात. चित्र त्यांच्या पलंगासमोर टांगावं. डोळे उघडल्याबरोबर दिसेल असं.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही, उदाहरणार्थ कोर्टातल्या कारकुनांना, त्यांच्यासाठी थोडक्यात लिहिते. थोडक्यात जमलं नाही तर त्यांनी चहा मागवावा.

चित्रात एक पर्णवटवट्या आहे. हा अंगठ्याहून थोडा मोठा, पानाच्या रंगाचा पक्षी. डोळ्यावर पिवळसर भुवई, पंखावर पुसट पट्टी, बाकी सांगण्यासारखं काही नाही. हिवाळ्यात तो आपल्याकडे येतो आणि झाडाच्या शेंड्यात किडे टिपत हिंडतो. त्या काळात तो नुसतं 'चिक' म्हणतो. उन्हाळा लागला की उत्तरेच्या डोंगरात जातो, आणि तिथे गेल्यावर गातो. त्याचं गाणं म्हणजे घड्याळाची किल्ली फिरवावी तशी एक लांब किरकिर. शंभरएक वर्षं सर्वांना वाटत होतं की हा एकच पक्षी आहे.

माझी लेक दोन वर्षांची होती तेव्हा सर आणि मी त्या डोंगरात गेलो. तिसऱ्याच दिवशी सरांचा पाय मुरगळला. ते खाली तंबूत पाय शेकत बसले आणि मी वर चढत राहिले. वरच्या उतारावर, बर्फ संपतं तिथल्या खुरट्या झाडांत, मी तोच पक्षी पाहिला. तीच भुवई, तीच पट्टी. त्याने चोच उघडली आणि भलतंच गायला. किरकिर नाही. दोन सूर, वर चढणारे, मग थांबणं, मग पुन्हा ते दोन सूर. मी तिथेच दगडावर बसले. त्याचं गाणं फितीवर घेतलं. खालच्या उतारावरची किरकिर त्याला वाजवून दाखवली, तर त्याने मान वळवून बघितलंसुद्धा नाही. ज्यांना एकमेकांचं गाणं ऐकू येऊनही कळत नाही, ते एकत्र संसार करत नाहीत. आमच्या शास्त्रात प्रजाती वेगळी असल्याची ही मोठी खूण मानतात.

मग मी जाळं लावलं. तो सापडला. सोडवताना झटापटीत त्याच्या शेपटीची काही पिसं मोडून माझ्या मुठीत आली. मी त्याला मारलं, कारण तेव्हा आम्ही सर्वजण तसंच करत होतो, आणि रात्री तंबूत कंदिलाजवळ बसून त्याचं कातडं सोलून त्यात कापूस भरला. सर म्हणाले, "अरे वा!" एवढंच. पण डोळे चमकले होते. ती चमक मी चुकीची वाचली.

परत आल्यावर सर रोज संध्याकाळी लिहायला बसत आणि मी लेकीला झोपवून मापं घेत असे. पंखांची, पायांची, चोचीची. आमच्यात नवा पक्षी जाहीर करताना एकच कातडं निवडावं लागतं. नाव त्या एका कातड्याला बांधलेलं असतं. पुढे कितीही वाद झाले तरी नाव त्या कातड्याबरोबर जातं, लेखकाच्या मनात काय होतं त्याबरोबर नाही. म्हणून ते कातडं डोळ्यांत तेल घालून निवडायचं असतं.

एके दिवशी टेबलावर मी एक सुबक पक्षी पाहिला. पंख चापून चोपून बसवलेले, शेपूट सरळ, जुन्या एका कसबी माणसाने भरलेला.

"हा कोण?" मी विचारलं.

"आपलाच पक्षी. याच्यावर नाव बांधतोय. बघ, काय देखणा आहे."

"अहो, हा हिवाळ्यात इथे धरलेला आहे. याला गाताना कोणी ऐकलंय? हा त्या जुन्या, किरकिर करणाऱ्यांतलाही असेल. माझा गाणारा घ्या."

"शेपूट मोडलेला? जगापुढे नवा पक्षी ठेवायचा आणि तो असा? हसतील लोक."

"हसू देत. पण तो कोण आहे हे आपल्याला ठाऊक आहे."

"तू ना, वटवट फार करतेस," ते लाडाने म्हणाले. संग्रहालयात माझं नाव वटवटबाई पडलं ते तेव्हापासून, आणि ते पाडणारे कोण हे मला नंतर कळलं.

लेख छापून आला तो नेमका माझ्या वाढदिवसाच्या सुमारास. सरांनी घरी दहाबारा लोक बोलावले. सगळ्यांच्या हातांत पेले दिले, हे चित्र भिंतीवर लावलं, त्यावरचा रुमाल ओढला आणि म्हणाले, "या पक्ष्याला मी माझ्या पत्नीचं नाव दिलं आहे." टाळ्या पडल्या. बायकांनी मला मिठ्या मारल्या. एकीने कानात सांगितलं, "नशीब काढलंस बाई." मी लेख हातात घेतला. लेखक म्हणून एकच नाव होतं. माझं नाव आत होतं, पक्ष्याचं म्हणून आणि आभारांत.

पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, "वर तुमचं एकट्याचंच नाव आहे."

"असं काय करतेस? पक्ष्याला तुझं नाव दिलंय ना?"

"शोधला मी."

"म्हणूनच तर दिलं! आता लेखकातही तुला घातलं असतं तर लोक काय म्हणाले असते? बाईने स्वतःचंच नाव पक्ष्याला दिलं. आपल्यात शोभतं का ते? तूच सांग."

मी काय सांगणार? आमच्यात ते खरोखरच शोभत नाही. नियमांत तशी बंदी नाही, पण जो पक्षी जाहीर करतो तो त्याला स्वतःचं नाव देत नाही. दिलं तर जन्मभर हसं होतं. म्हणजे मला त्या लेखातून बाहेर काढायचं तर सगळ्यांत सोपी वाट कोणती होती? पक्ष्याला माझंच नाव देणं. माझं काम गेलं आणि वर मलाच आभार मानावे लागले. मी त्या रात्री रडले, तर दुसऱ्या दिवशी शेजारीण म्हणाली, होतं असं, आनंद मावत नाही.

त्यानंतर मी जिथे जाईन तिथे लोक माझी ओळख करून देताना म्हणत, "यांच्या नावाचा पक्षी आहे बरं का." नंतर लगेच सरांबद्दल बोलत. पुढे सर या घरातून गेले. जाताना ग्रामोफोन नेला, पुस्तकं नेली, चांगली छत्री नेली. चित्र ठेवून गेले. म्हणाले, "हे तुझंच आहे." ते मी आता परत करते आहे. नावही परत केलं असतं, पण पक्ष्याला एकदा दिलेलं नाव आमच्या नियमांत कोणालाच काढून घेता येत नाही, देणाऱ्यालाही नाही. वकीलबाईंना मी विचारलं की नाव मृत्युपत्रात घालता येईल का. त्या म्हणाल्या, "ते तुमच्या मालकीचं नाही." हे मला इतक्या स्वच्छ शब्दांत कोणी आधी सांगितलं नव्हतं.

कलम ५. कातडी भरण्याचं सर्व सामान, म्हणजे बाकदार चिमटे, सुया, दोन सुऱ्या, पितळी मापी आणि भिंग, आताच्या संग्रहपालाला द्यावं. तो माझा विद्यार्थी. अंगाला कायम डांबरगोळीचा वास म्हणून सगळे त्याला डांबरगोळीच म्हणतात आणि तोही फोन उचलताना तेच म्हणतो. पोरगं गुणी आहे. 'पोरगं' पन्नाशीला आलं आहे, पण माझ्यासमोर अजून खुर्चीच्या टोकावर बसतं. त्याच्याशी माझं एक भांडण शिल्लक आहे. ते शेवटच्या कलमात.

ध्वनिमुद्रणाचं यंत्र आणि लांबचा आवाज गोळा करणारी त्याची गोल थाळी, जिला आम्ही परात म्हणायचो, लेकीला द्यावी. यंत्र चालत नाही. परातीत गेली काही वर्षं मी कांदे ठेवते. फिती मात्र चालतात, मी गेल्याच महिन्यात ऐकल्या आहेत.

कलम ६. (हे कलम मी खोडलं आहे. त्यात वहिनीच्या कानातल्यांविषयी मजकूर होता. तो खरा होता, पण वकीलबाई म्हणाल्या की अब्रुनुकसानी होईल. वहिनीने ते काय होतं हे ओळखावं.)

कलम ७. माझ्या पश्चात शोकसभा होणारच, ती मला थांबवता येणार नाही. तीत पुढील गोष्टी पाळाव्यात. पडद्यावर त्या पक्ष्याचं चित्र दाखवू नये. 'आपल्या नावाने अमर झाल्या' हे वाक्य जो उच्चारेल त्याला चहा देऊ नये. सर आले तर त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची द्यावी, पण माईक देऊ नये. त्यांना मागावाही लागत नाही, हात आपोआप पुढे जातो. डांबरगोळीने शेजारी बसून लक्ष ठेवावं.

कलम ८. हे शेवटचं. हे लेकीसाठी आहे, म्हणून इथून पुढे तिच्याशीच बोलते. कोर्टाची हरकत नसावी.

गेल्या पावसाळ्यानंतर एका दुपारी मी तुझ्याकडे आले होते. दार उघडंच होतं. मी बोळात चपला काढत होते आणि तू आत फोनवर बोलत होतीस. आवाज मोठा ठेवला होतास, कारण हातात भांडी होती. पलीकडून कोणीतरी म्हणालं, "अध्यक्षबाई, तो वटवट्या जुन्या प्रजातीत विलीन करायचा प्रस्ताव अजून तसाच पडलाय. या वेळी घ्यायचा का?" आणि तू म्हणालीस, "आई आहे तोवर नको रे. तिला सहन नाही होणार. नंतर बघू." तो म्हणाला, "हो, हो. तेवढी माणुसकी हवीच." मग तुम्ही दोघं दुसऱ्या कुठल्या तरी पक्ष्याबद्दल बोलायला लागलात.

मी आत आले. तू म्हणालीस, "अगं, आलीस कधी? बस. साखर कमी घातलीय हं." मी चहा प्यायले. कपबशी विसळून ठेवली. घरी कशी आले ते मला आठवत नाही.

म्हणजे पक्ष्यांच्या वर्गीकरणाची एक अख्खी समिती, शिकलेली, जगभर हिंडलेली माणसं, माझ्या मरणाची वाट बघत बसली आहे. तीही अगदी अदबीने. आणि अध्यक्षपदावर माझी लेक.

दुसऱ्या दिवशी मी संग्रहालयात गेले. डांबरगोळीला म्हटलं, "माझ्या नावाचा पक्षी काढ. ज्याच्यावर नाव बांधलंय तो." त्याने खण ओढला. तो देखणा तसाच होता. मी म्हटलं, "याच्या पायाच्या अंगठ्याचा एक कपटा कापून माझ्या लेकीच्या प्रयोगशाळेत पाठव. आता त्यातून कळतं ना, कोण कोणाचा ते?" तर हा खण बंद करून त्याच्यापुढे उभा राहिला.

"बाई, तुमच्या पक्ष्याला मी कात्री लावू देणार नाही."

"अरे, मेलाय तो! तुझ्या जन्माच्या आसपास मेलाय."

"तुम्ही आहात तोवर नाही, बाई. माफ करा. ताईंनी, तुमच्या लेकीनेही, विचारलं होतं, त्यांनाही मी हेच सांगितलं आणि त्याही लगेच हो म्हणाल्या."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. तुम्हा सगळ्यांचं माझ्यावर इतकं प्रेम आहे की मला कोणी काही विचारतच नाही. तुझ्या वडिलांचंही होतं. त्यांनीही मला न विचारता मला केवढा मोठा मान दिला होता! पोरी, तू त्यांच्यासारखी दिसत नाहीस म्हणून मी इतकी वर्षं निर्धास्त होते.

आता कान देऊन ऐक. तुमचा प्रस्ताव मी मागवून वाचला. त्यात लिहिलं आहे की ज्याच्यावर नाव बांधलं आहे ते कातडं जुन्या प्रजातीहून कुठल्याही मापात वेगळं दिसत नाही. दिसणार नाहीच! मी हे तेव्हाच ओरडून सांगत होते. माझी खात्री आहे की तो जुन्यांतलाच आहे. तू या शास्त्रात आलीस तेव्हा मी एकदा तुला हे सांगायला बसले होते. तू म्हणालीस, "आई, तुमचं दोघांचं ते जुनं भांडण मला नको." मी गप्प बसले, कारण मला ते भांडण वाटत नव्हतं आणि तुला ते तसंच वाटणार हे दिसत होतं.

जिन्याखालच्या कपाटात, वरच्या फळीवर, बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा आहे. लहानपणी तू तो उघडायला मागायचीस आणि मी हातावर चापट मारायचे. त्यात खाऊ कधीच नव्हता. त्यात शेपूट मोडलेला तो गाणारा आहे. लेख छापून झाल्यावर सरांनी मोडक्या कातड्यांची छाटणी काढली. मी याला मागून घेतलं, तर म्हणाले, "ने, ने. तुझा लळाच आहे त्याच्यावर." रीतसर सही करून आणला आहे. त्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर जो दिवस आणि जो उतार आहे, तोच फितीच्या डबीवर आहे. ज्याचं गाणंही आपल्याकडे आहे आणि कातडंही आहे, असा तो एकच.

हा डबा आणि ती फीत मी तुला देते. पण मेल्यावर नाही. वकीलबाई म्हणाल्या, "मृत्युपत्र मेल्यावर वाचतात." मी म्हटलं, "तीच तर अडचण आहे." म्हणून या कागदाची एक प्रत आज सही झाल्याबरोबर तुझ्या हातात पडेल. कायद्यात ती बसते की नाही याची मला पर्वा नाही.

येत्या रविवारी इकडे ये. येताना डांबरगोळीला घेऊन ये आणि त्याला तो देखणा पक्षी आणायला सांग. माझा त्याच्यावर काही हक्क राहिलेला नाही, पण डांबरगोळीला कायद्यापेक्षा माझी भीती जास्त आहे. मी टेबल पुसून ठेवीन. तू तुझ्या हाताने दोघांच्या अंगठ्यांचे कपटे काप. माझ्यासमोर. मी रडणार नाही, आणि रडलेच तर तू थांबायचं नाहीस.

मग तुझ्या यंत्रातून जे निघेल ते मला येऊन सांग. फोनवर नको, पत्राने नको, कोणाच्या तोंडून नको. तू सांग, माझ्या तोंडावर. दोघेही जुन्यांतलेच निघाले, तर मी त्या दगडावर बसून जे ऐकलं ते चूक ठरेल. ठरू दे. मी तुझ्याशी तासभर वाद घालीन, फिती वाजवीन, तुझे आकडे मागीन, आणि हरले तर हरले. मग माझ्या नावाचा पक्षी बुडव, माझ्या देखत बुडव. कोणीतरी मला एवढी लायक समजावं की माझं चुकलं असं मला सांगावं. ती वेळ माझ्यावर कधी आली नाही. माझ्या बाबतीत सगळे नुसती दया करत आले.

आणि माझं बरोबर निघालं, देखणा जुना आणि मोडका नवा ठरला, तर काय होतं ते तुला सांगायला नको, पण मला ते लिहायचं आहे. मग ते नाव देखण्याच्या मागोमाग जुन्या प्रजातीत जातं आणि बुडतं. सरांचा लेख बुडतो. ते चित्रही, कारण ते देखण्याला समोर ठेवून काढलेलं आहे. आणि वरच्या उतारावर जो दोन सुरांत गातो, ज्याला मी चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी ऐकलं, त्याला नावच नाही असं निघतं. त्याला कोणीच अजून जाहीर केलेलं नाही.

तो जाहीर कर. मोडक्या शेपटीच्या त्या कातड्यावर नाव बांध आणि हसू दे लोकांना. नाव काहीही दे. त्याच्या गाण्यावरून दे, उतारावरून दे, पायांच्या रंगावरून दे. कुणा माणसाचं देऊ नकोस. माझं तर चुकूनसुद्धा नको. तुला दाटून येईल, समितीतले म्हणतील की आईची आठवण म्हणून द्या, तेव्हा हा कागद काढून वाच.

मला लेखक व्हायचं आहे. पक्ष्याच्या नावापुढे ज्यांनी तो जाहीर केला त्यांची नावं लिहितात, तिथे आपल्या दोघींची लिही. तुझं आधी लिहिलंस तरी चालेल. पण माझं लिही.

हा कागद मी एकटीने लिहिला, साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यादेखत सही केली.

सही: मृत्युपत्र करणारी, म्हणजे लेकीची आई.

साक्षीदार पहिल्या: खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्य. बाई पूर्ण शुद्धीत आहेत. मी पेन नीट धरत नाही असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. सही.

साक्षीदार दुसरे: समोरचे चष्मेवाले. वरीलप्रमाणे. ऐकताना बाईंनी मध्येच उठून खिडकी उघडली आणि आम्हाला गप्प बसवलं. बाहेर झाडात काहीतरी 'चिक' करत होतं. सही.

स्थळ: राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल.

तारीख: मार्चचा पहिला मंगळवार. पक्षी अजून उत्तरेला निघालेले नाहीत.